उभ्या गाडीत पडलेला कंडक्टर

माझा डावा पाय सध्या प्लास्टरमध्ये आहे. पडलो कसा, हे मी तीन तऱ्हांनी सांगतो. शाळेतल्या लोकांना सांगतो, जिना ओला होता. सासरच्यांना सांगतो, मोटारसायकल घसरली. खरं काय ते बायकोला माहीत आहे, कारण ती समोरच उभी होती. दिवाणावर चढून मी पंख्याची पाती पुसली आणि ती कशी चकाचक झाली हे जरा लांबून बघावं म्हणून एक पाऊल मागं सरकलो.

पडल्या पडल्या मी दोन वाक्यं बोललो. पहिलं, "मला कुणाची गरज नाही." दुसरं, "आधी मला उठव." दोन्हींच्या मध्ये मी श्वाससुद्धा घेतला नाही, असं ती येईल त्याला सांगते.

"झालं," ती म्हणाली, "सेनगावचे मामा आले तुमच्या अंगात."

शेजारच्या बँकवाल्यांनी निरोप पाठवला, सर, काही लागलं तर हाक मारा, आम्ही भिंतीपलीकडंच आहोत. त्यांच्या पपईची पानं आमच्या अंगणात पडतात, यावरून आमचं दोन वर्षं बोलणं नव्हतं. मी उलट निरोप धाडला, आभारी आहे, सगळं व्यवस्थित आहे. निरोप घेऊन गेली बायकोच. मला खुर्चीत बसवून, पायाखाली उशी देऊन, मग गेली.

मामांना तिनं कधी पाहिलेलं नाही. पण मी त्यांच्या गोष्टी इतक्यांदा सांगितल्यात की आमच्या घरात त्यांचा एक पाट कायम मांडलेला असतो.

मामा म्हणजे माझे नात्यातले कुणी नव्हेत. मी नोकरीला लागलो तेव्हा नेमणूक साखऱ्याच्या शाळेवर होती आणि राहायला सेनगावात खोली मिळाली होती. मामा त्या खोलीचे मालक. एस.टी.तून निवृत्त झालेले कंडक्टर. त्यांचं घर आणि माझी खोली यांच्यामध्ये पत्र्याची भिंत होती. एकाच घरात राहून दोन्हीकडच्या माणसांनी आपण वेगळे राहतो असं मानायचं, एवढ्याच कामाची ती भिंत. मला शिंक आली की पलीकडून मामी म्हणायच्या, "गुर्जी, काढा देऊ का?"

पहिल्याच दिवशी मामांनी मला नियम सांगितले. दारात समोरासमोर आलो तर आधी उतरणारा बाहेर पडेल, मग चढणारा आत येईल. ट्रंक पायाखाली ठेवायची, वाटेत नाही. आणि सुटे पैसे जवळ बाळगायचे. त्यांना घराबाहेर माणूस दिसतच नसे, शीट दिसे. लग्नाच्या पंगतीत वाढपी गोंधळले की मामा उभे राहून ओरडत, "पुढं सरका, पुढं सरका, पुढं रिकामं हाय!" आणि पाटावर बसलेली माणसं खरोखर ताट उचलून पुढं सरकत. आवाजच तसा होता. त्या आवाजानं तीस वर्षं हिंगोली-नांदेड लाइनीवर माणसं कोंबली होती.

स्वतः मात्र ते पंगतीत कधी बसत नसत. "कंडक्टर उभा र्‍हायतो," ते म्हणत. "बसतो तो पॅसेंजर." जेवण उभ्यानं, चहा उभ्यानं, पेपर खांबाला टेकून. कुणाचं काही घ्यायचं नाही हा दुसरा कायदा. मोटारसायकलवर कुणी 'बसा मामा' म्हणालं तर उन्हात चालत राहत. एकदा मामींनी शेजारून विरजणाला चमचाभर दही आणलं, तर दुसऱ्या दिवशी मामा तोच चमचा दह्यानं भरून परत द्यायला गेले. शेजारीण म्हणाली, "मामा, इरजण कुणी वापस करतं का?" मामा म्हणाले, "फुकट बसलेला माणूस खिडकीतून भायेर बघत न्हाई. कंडक्टरकडं बघतो. मला माझ्या खिडकीतून भायेर बघायचं हाय."

हे वाक्य मला तेव्हा फार आवडलं होतं. मी ते वहीत लिहून ठेवलं. आवडलेली वाक्यं वहीत लिहिली की ती पाळावी लागत नाहीत, हा माझा जुना अनुभव.

आणि असा हा माणूस घरात पडला. तीस वर्षं धावत्या गाडीच्या दारात, एका हातात तिकिटांची पेटी घेऊन, खड्ड्यांच्या रस्त्यावर तोल सांभाळलेला माणूस आपल्या ओसरीतल्या शहाबादी फरशीवर, मामींनी नुकतीच धुतलेली होती म्हणून, आडवा झाला. मांडीचं हाड मोडलं. दुखण्यापेक्षा त्यांना दुसरीच गोष्ट जास्त लागली. मी धावत गेलो तेव्हा ते आढ्याकडं बघत पडले होते. मला म्हणाले, "गुर्जी, कुणाला सांगू नका. गाडी उभी व्हती."

पुढची नामुष्की लगेचच आली. त्या वेळेला बस नव्हती. जीपनं न्यावं लागलं. जीपवाले म्हणजे मामांचे जन्माचे वैरी, एस.टी.चे पॅसेंजर पळवणारे. मामांना मागच्या बाकड्यांच्या मधल्या जागेत आडवं घातलं, आणि सेनगाव सुटेपर्यंत ते विव्हळता विव्हळता जीपवाल्याला विचारत होते, "परवान्यात किती शीट हाय? अन् बसवले किती?"

नांदेडच्या डॉक्टरांनी मांडीत सळई टाकली आणि घरी पाठवताना साफ सांगितलं. तीन आठवडे पाय टेकायचा नाही. नंतर वॉकर घेऊन रोज चालायचं. उठताबसताना, चालताना, एक धट्टाकट्टा माणूस बाजूला पाहिजेच. चालले नाहीत तर पाय आखडेल आणि मग खाट सुटणार नाही. आणि पुन्हा पडले तर आमच्याकडं आणूच नका, असं हसत हसत म्हणाले. ते हसणं कुणाला आवडलं नाही.

वॉकर बघून मामा म्हणाले, "हा पांगुळगाडा कोण्या लेकराचा आणला?" आणि तो खाटेखाली सरकवून दिला. धट्टाकट्टा माणूस हा भाग तर त्यांनी ऐकलाच नाही. दोन लेकी येऊन आठ-आठ दिवस राहून गेल्या. त्या असतानाही मामा त्यांना हात लावू देत नसत. लेकीचा हात कसा घ्यायचा, ती दिलेली. शेजाऱ्यांचा घेतला तर परत कसा करायचा? गावातली माणसं भेटायला येत, म्हणत, "मामा, काही लागलं तर आवाज द्या." मामा उशीला टेकून म्हणत, "काय लागतंय? माझं मी करतो सगळं. कुणाला तकलीफ न्हाई."

आणि हे बोलणं चालू असताना मागं मामी उभ्या असत, पदरानं कपाळ पुसत. पाच फुटांच्या आतली बाई, अंगानं तुरीच्या काडीसारखी, गुडघे आधीच गेलेले. मामांना उठवायच्या त्या, बसवायच्या त्या, संडासला न्यायच्या त्या, अंघोळ घालायच्या त्या. मामांच्या हिशेबात ती मदत नव्हती. आपल्या उजव्या हातानं डावा हात धुतला तर त्याला कुणी मदत म्हणतं का?

मामांची टिंगल करायला मला तोंड नाही. चौथीच्या वर्गात स्वावलंबनावर बोलताना मी मामांचं उदाहरण दिलं. म्हटलं, आमचे घरमालक पाय मोडला तरी कुणाची मदत घेत नाहीत. मागच्या ओळीतल्या एका पोरीनं हात वर केला. "गुर्जी, मग त्यायला संडासला कोण नेतं?"

मी तिला खाली बस म्हणालो.

खरं म्हणजे मला माहीत होतं. पत्र्याची भिंत होती ना. रोज पहाटे साडेपाचला पलीकडून खाट करकरायची. मग मामांचं "हं", मामींचं "थांबा, माझा पदर गुतला", मग परत "हं", मग दोघांचंही काहीच नाही, नुसता श्वास. मी अंथरुणात पडून ऐकायचो. पण हाक नव्हती. हाक नसताना दुसऱ्याच्या घरात शिरणं बरं दिसत नाही, असं माझं मत होतं. पहाटे साडेपाचला ते मत फार सोयीचं पडायचं.

तीन आठवडे झाले, चार झाले, वॉकर खाटेखालीच. मामांचा पाय वाळत चालला होता आणि मामी बोलताना भिंतीला हात लावून उभ्या राहू लागल्या होत्या. तांड्यावरून एक बाई रोज दुधाची किटली घेऊन यायची. अंगापिंडानं दणकट, तोंडानं त्याहून. एक दिवस ओसरीत दूध मोजता मोजता ती म्हणाली, "मामा, आमचे आजे-पणजे बैलं घेऊन देशोदेशी फिरले. पण एकाच बैलाच्या मानेवर जू ठेवून कुणी गाडी न्हाई हाकली. तो बैल बसतो एक दिस. मग गाडीबी तिथंच अन् बैलबी तिथंच."

मामा म्हणाले, "दूध पातळ देऊन राहिलीस अलीकडं."

तो बैल त्याच आठवड्यात बसला.

रविवार होता. मी टॉवेल-साबण घेऊन निघालो होतो. पलीकडं मामी भाकरी थापत होत्या. तो आवाज माझ्या रविवारच्या सकाळचा भागच होता. तो मध्येच थांबला.

"आई गं."

"काय झालं?" खाटेवरून मामा.

"काई न्हाई. उसण भरली कमरेत."

"मग ऊठ जरा, चाल."

"उसण भरली म्हणजे उठता येत न्हाई."

"तव्यावरची भाकर जळून राहिली."

"मलाबी नाक हाय."

मग खाट करकरली. "थांब, मी येतो."

"कुठं येता? कशावर येता? पडून र्‍हावा गुमान."

"मग गुर्जीला हाक मार."

"तुमी मारा."

"तुला काय झालं मारायला?"

"मी न्हाई मारायची. जलमभर तुमीच सांगितलं, परक्याला आवाज द्यायचा न्हाई. कायदा तुमचा हाय. मोडायचा तर तुमी मोडा. मी बसते हितंच. मला काय, आज ना उद्या उसण उतरंल."

जळक्या भाकरीचा वास आता माझ्या खोलीत आला होता. मी भिंतीपासून हातभर अंतरावर, खांद्यावर टॉवेल टाकून उभा. हाक येईना आणि मी जाईना. मला आजही वाटतं, त्या घरात तेव्हा तीन माणसं जागच्या जागी अडकली होती आणि त्यातल्या एकाचे दोन्ही पाय धड होते.

मग भिंतीवर आवाज आला. टण्ण.

मामांच्या उशीखाली तिकिटाला भोकं पाडायचा एक जुना चिमटा असे, निकामी झालेला, नुसता सोबतीला ठेवलेला. तो त्यांनी पत्र्यावर हाणला होता. एकदाच.

मी गेलो. मामा माझ्याकडं न बघता म्हणाले, "एक घंटी दिली."

"म्हणजे?"

"एक घंटी म्हणजे गाडी थांबवा. दोन म्हणजे चला. एवढंबी ठाऊक न्हाई अन् लेकरायला शिकवता." मग जरा थांबून, हलक्या आवाजात, "म्हातारीला उतरायचं हाय."

"म्हातारी कुणाला म्हणता?" चुलीपुढून मामी.

मी आत धावलो आणि सगळ्यात आधी तव्यावरची भाकरी उचलली. का, ते मला अजून सांगता येत नाही. बोटं भाजली, भाकरी कोळसा झाली होती ती झालीच, आणि मामी तशाच बसून माझ्याकडं बघत होत्या. "गुर्जी, भाकरीची कंबर बरी हाय," त्या म्हणाल्या. "माझी धरा."

त्यांना उठवून सतरंजीवर निजवलं. तेव्हा त्यांनी भिंतीकडं तोंड करून सांगितलं, "आता ह्यांचं बघा. आज पहाटं माझ्यानं उचलवलं न्हाई, तवापासून थांबलेत. मानूस दम काढंल, पोट काढत न्हाई."

मामा छताकडं बघत होते. कपाळावर घाम होता. मी हात पुढं केला, तो त्यांनी घेतला नाही. त्या दोन मिनिटांत त्यांच्या डोक्यात काय चाललं असेल ते असेल. शेवटी त्यांनी वाट काढली.

"गुर्जी," ते म्हणाले, "तुमी ड्रायव्हर."

मी तोवर सायकलपलीकडं काही चालवलं नव्हतं. तरी व्हय म्हणालो.

"मी कंडक्टर. गाडी ड्रायव्हर हाकतो म्हणून कंडक्टर काई लंगडा ठरत न्हाई. बराबर?"

"बराबर."

"ड्रायव्हरनं कंडक्टरला हात लावायचा न्हाई. कंडक्टर धरंल ड्रायव्हरचा खांदा, त्याला वाटंल तवा. काढा तो पांगुळगाडा."

अशी ती गाडी सुरू झाली. खाट म्हणजे हिंगोली. उंबरा म्हणजे कळमनुरी. अंगणातला नळ म्हणजे आखाडा बाळापूर. आणि अंगणाच्या पार टोकाचा संडास म्हणजे नांदेड. वॉकरला सायकलची घंटी बांधली. दोन घंट्या वाजल्याशिवाय मी हलायचं नाही, एक वाजली की पाय जिथं असेल तिथं थांबायचा. बाळापूरला गाडी पाच मिनिटं थांबे. तिथं मामा नळाच्या खांबाला टेकून दम खात आणि मला सांगत, "ड्रायव्हर, चहा पिऊन घ्या." चहा कुठं असे? पण मी व्हय म्हणायचो.

पहाटे साडेपाचची पहिली गाडी, मी शाळेला निघायच्या आधीची दुसरी, संध्याकाळी तिसरी. दुपारची गाडी दूधवाली बाई हाकायची. तिनं दुधाची वेळ त्यासाठी बदलली, म्हणाली, "म्हशीला काय, कवाबी द्या पान्हा." ती ड्रायव्हर म्हणून माझ्यापेक्षा चांगली होती, असं मामांनी मला दोनदा तोंडावर सांगितलं. "तिची गाडी हिसके देत न्हाई."

एकदा लेकीच्या सासरचे पाहुणे आले. मामी आता उठूबसू लागल्या होत्या. पाहुण्यांनी विचारलं, "व्याही कुठं हायत?" मामी म्हणाल्या, "नांदेडला गेलेत, येतील आता." पाहुण्यांच्या चेहऱ्यावरचं कौतुक मी अंगणातून, संडासाच्या दाराबाहेर पाण्याची बादली धरून बघत होतो.

मामांनी भिंतीला बसमधल्यासारखा धरायचा दांडाही बसवून घेतला, खाटेपासून उंबऱ्यापर्यंत. ते काम मी केलं. पाइप मी माझ्या उंचीला बसवला. मामा माझ्यापेक्षा वीतभर बुटके. पुढचा महिनाभर ते हात वर करून, खरोखरच्या गच्च गाडीत उभे असल्यासारखे चालायचे. मी म्हणालो, खाली घेतो. ते म्हणाले, "राहू द्या. आता घरी आल्यासारखं वाटतंय."

हे सगळं वाचून वाटेल, मामा सुधारले. मलाही तसंच वाटत होतं. पण नीट बघितलं तर त्यांनी अजून कुणाचीच मदत घेतली नव्हती. ते कंडक्टर होते, हुकूम त्यांचा होता, घंटी त्यांच्या हातात होती. आम्ही त्यांच्या नोकरीवर होतो.

मग एक दिवस मला शाळेतून यायला उशीर झाला. साखऱ्याहून जीप मिळाली नाही, आणि बस, मामांची क्षमा मागून सांगतो, आलीच नाही. घरी आलो तर अंगणात नळाशेजारी मामा बसलेले. खाली, ओल्यात. वॉकर दोन हातांवर आडवा. शेजारी मामी उभ्या, दूधवाली बाई नुकतीच फाटकातून आत येत होती. तिलाही त्या दिवशी उशीर.

"काय झालं?"

मामी म्हणाल्या, "एकटेच निघाले नांदेडला. बाळापूरपरेंत गेले अन् बसले. पडले न्हाईत, बसले. मी उठवते म्हणलं तर मला हात लावू देईनात. म्हणतात, तुझी कंबर जाईल. अर्धा घंटा झाला."

एवढ्या वर्षांत मामींच्या कमरेचा विचार त्यांनी पहिल्यांदाच केला होता, तोही ओल्या फरशीवर बसून.

"मामा, दुखतंय कुठं?"

"न्हाई. पण पायात जीवच न्हाई राहिला." मामांचा आवाज मी तसा कधी ऐकला नव्हता. त्यात पंगत सरकवायची ताकद नव्हती. "गाडी बंद पडली, गुर्जी. डॉक्टर म्हणला व्हता तसंच झालं. आता खाट काई सुटत न्हाई."

मी वॉकर उभा करून त्यांच्या हाताशी आणला आणि दोन घंट्या वाजवल्या. म्हटलं, धरा खांदा. त्यांनी हात उचलला, तो माझ्या खांद्यापर्यंत पोचला नाही, परत घंटीवर पडला. कंडक्टरनं ड्रायव्हरला धरायचं, ही युक्ती तिथं संपली. आता त्यांना कुणीतरी धरायला हवं होतं, काखेत हात घालून, लेकरासारखं. ते त्यांनाही कळलं, मलाही. ते मान हलवत राहिले. न्हाई, न्हाई.

तेव्हा मामी त्यांच्या पुढ्यात उकिडव्या बसल्या. ती कंबर घेऊन बसल्या म्हणजे बघा.

"मला एक सांगा. नांदेडच्या वाटंवर गाडी बंद पडली की तुमी काय करायचा?"

"काय करणार. मागून येणाऱ्या गाडीला हात करायचा. माणसं त्या गाडीत बसवून द्यायची."

"अन् तो मागच्या गाडीचा कंडक्टर न्हाई म्हणायचा का?"

"तो काहून न्हाई म्हणंल? आज माझी बंद पडली, उद्या त्याची पडंल."

"त्या लोकायला परत तिकीट काढाया लावायचा?"

मामा चिडले. "परत कशाचं? त्यायनं काढलेलं असतं की आधीच. त्याच तिकिटावर जातात. नियम हाय तसा."

"मग ते फुकटे न्हाईत?"

"फुकटे कसे होतील?"

नळ टपटपत होता. दूधवाल्या बाईनं किटली खाली ठेवली आणि हात पदराला पुसले.

मामांनी उशिरानं वॉकर बाजूला सारला. घंटीवरचा हात काढला. मग दोन्ही हात जरासे वर केले, आम्हाला काखेत हात घालता यावेत एवढेच.

एका बाजूनं मी, दुसऱ्या बाजूनं ती बाई. उचललं. वजन असं नव्हतंच. अंगणातून ओसरी, उंबरा, खाट. मी वाटेत त्यांच्या तोंडाकडं बघितलं, कारण मला ते वहीतलं वाक्य आठवलं होतं. ते आमच्याकडं बघत नव्हते. कुंपणापलीकडं कुणाच्या तरी वावरात सोयाबीनचं खळं चाललं होतं, धूळ उडत होती, तिकडं बघत होते. अगदी निवांत, खिडकीशी बसलेल्या माणसासारखे.

त्यानंतर त्यांचा पाय सुधारला. आधी आम्ही धरायचो, मग वॉकर, मग काठी. दांडा मी खाली घेतला. उन्हाळ्यात ते नांदेडला, म्हणजे खऱ्या नांदेडला, डॉक्टरला दाखवायला निघाले. मीही सोबत स्टँडवर होतो. बस आली. एस.टी.ची पहिली पायरी किती उंच असते, हे मामांना तीस वर्षांत कळलं नव्हतं. ते दारापुढं उभे राहिले आणि पायरीकडं बघत राहिले. दारातला तरुण कंडक्टर म्हणाला, "आजोबा, हात द्या."

मला वाटलं, झालं. आता ह्या पोराला नियम ऐकावे लागणार.

मामांनी काठी डाव्या हातात घेतली आणि उजवा हात वर दिला. पोरानं ओढून घेतलं. वर गेल्यावर मामा वळले, दाराच्या दांड्याला काख टेकली आणि खाली उभ्या मामींना म्हणाले, "ए, हात दे."

मामींनी डोक्यावरचा पदर सारखा केला. वर बघितलं. सगळी गाडी बघत होती.

"आता?" त्या म्हणाल्या. "हिंगोलीहून तीस वर्सं तुमच्याच गाडीत चढले. तवा म्हणायचा, सरका पुढं, लवकर, गाडी लेट होऊन राहिली."

"अगं दे की. गाडी लेट होऊन राहिली."

मामी चढल्या. दोन घंट्या वाजल्या. त्या मामांनीच वाजवल्या, दोरीला हात घालून.

मामा जाऊन बरीच वर्षं झाली. मामी लेकीकडं गेल्या. माझी बदली होत होत मी हिंगोलीत आलो, घर बांधलं, सिमेंटच्या भिंती. पलीकडचा टीव्ही ऐकू येतो, माणसाची शिंक नाही.

हे लिहीत होतो तोवर बायको माझा चहाचा कप न्यायला आली. कप घेतला. माझा पाय उशीवरून सरकला होता, तो उचलून सारखा केला. मग सरळ होताना एक हात कमरेवर ठेवला आणि दुसरा टेबलावर, आणि जरा वेळ तशीच थांबली. मी विचारलं, "काय झालं?" ती म्हणाली, "काही नाही."

तीन आठवडे झाले. मी येईल त्याला सांगतोय की माझं मी सगळं करतो.

ती स्वयंपाकघरात गेली. मी काठी ओढून घेतली, खुर्चीतून जेवढा वाकता येईल तेवढा वाकलो आणि पपईवाल्यांच्या भिंतीवर टोकानं हाणलं. एकदाच.

सिमेंटच्या भिंतीवर आवाज कसला येणार, असं वाटून मी दुसऱ्यांदा काठी उचलणार होतो. पण दोन म्हणजे चला. म्हणून थांबलो.

पलीकडं टीव्हीचा आवाज बंद झाला. मग त्यांच्या फाटकाची कडी वाजली.